इंदुरात मराठी लग्नासाठी व्हिडिओवाला ठरवायचाय? हे वाचून मग फोन करा

आमच्या नात्यात लग्न निघालं की व्हिडिओचं खातं आपोआप माझ्याकडे येतं. ताईचं झालं, मावसभावाचं झालं, शेजारच्या काकूंच्या मुलीचं झालं, आणि आता तर ओळखीतल्या कुणाचंही ठरलं की फोन येतो, अगं तुमचा तो व्हिडिओवाला कोण होता, नंबर पाठव ना. नंबर पाठवते मी, पण नुसत्या नंबरने काही होत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली गोष्ट, इंदुरातली व्हिडिओची मंडळी कामाला चांगली आहेत. कॅमेरे, लेन्सा, गिंबल (चालताना कॅमेरा हलू न देणारा दांडा) सगळं पुण्या-मुंबईच्या तोडीचं असतं. पण त्यांच्या हाताखालून जाणारी बहुतेक लग्नं हिंदी घरांतली. रात्रीची बारात, मग जयमाला, मग स्टेजवर दोन तास फोटो, आणि फेरे पहाटे कधीतरी. जयमालेला व्हिडिओवाला बिनधास्त म्हणतो "भिया, एक बार और" आणि नवरा-नवरी हसत हसत परत हार घालतात. आपल्याकडे पत्रिकेत ११ वाजून ४७ मिनिटं लिहिलेलं असतं आणि ११:४७ ला अंतरपाट सरकतो, एकदाच. त्याला हे माहीत नसेल तर तो त्या क्षणी बॅटरी बदलत असतो. तेव्हा माणूस निवडणं हे अर्धं काम, उरलेलं अर्धं म्हणजे त्याला आपलं लग्न शिकवणं, आणि ते तुम्हालाच करायचंय.

१. आधी घरात ठरवा की नक्की काय हवंय

स्टुडिओत गेलात की पॅकेजचा कागद पुढे येतो आणि त्यावर इतकी नावं असतात की आई-बाबा गोंधळून "जे सगळे घेतात ते द्या" म्हणून मोकळे होतात. तर थोडक्यात सांगते.

ट्रॅडिशनल व्हिडिओ म्हणजे सगळे विधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दोन-तीन तासांचा. आजी-आजोबा हाच बघतात. सिनेमॅटिक म्हणजे गिंबलवर घेतलेले, स्लो मोशन, गाणं लावलेले शॉट. टीझर एक मिनिटाचा, हायलाइट पाच-सात मिनिटांचा, आणि रील मोबाइलसाठी उभी. ट्रॅडिशनल आणि सिनेमॅटिक ही दोन वेगळ्या माणसांची कामं आहेत, एकच मुलगा दोन्ही करतो म्हणाला तर त्यातलं एक नक्की बिघडणार, कारण सप्तपदी चालू असताना तो मेंदीच्या हाताचा स्लो मोशन घेत बसलेला असतो.

माझं मत विचाराल तर बजेट कमी असेल तेव्हा क्रेन, ड्रोन, एलईडी वॉल, प्री-वेडिंग हे सगळं काढून टाका आणि त्या पैशात मुहूर्ताला तिसरा कॅमेरा आणि धड आवाजाची सोय घ्या. क्रेन मोठ्या मॅरेज गार्डनमध्ये शोभते, कार्यालयाच्या हॉलमध्ये ती मागे बसलेल्यांच्या डोक्यावरून फिरते आणि मागच्यांना अंतरपाट काही दिसत नाही.

प्री-वेडिंग करणारच असाल तर एवढंच बघा की मांडूचे महाल पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे ट्रायपॉड लावून शूटिंग किंवा ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही. "वहाँ सब सेटिंग है" असं कोणी सांगितलं तरी गेटवर तुम्हीच उभे राहणार आहात, तो नाही.

२. तारीख निघाली की लगेच बुकिंग

देवउठनी ग्यारस (आपली कार्तिकी एकादशी), वसंत पंचमी, अक्षय्य तृतीया या दिवशी शहरात इतकी लग्नं असतात की चांगली टीम कित्येक महिने आधीच गेलेली असते. आपली मंडळी पंचांग बघून वेगळा मुहूर्त काढतात त्यामुळे कधीकधी आपली तारीख मोकळी मिळते, आणि मोकळी असेल तर भाव करायला पण जागा असते.

पण इथे एक मोठा सापळा आहे. आपलं लग्न सकाळी किंवा दुपारी, हिंदी घरांतली रात्री. मग स्टुडिओवाला काय करतो, एकाच दिवसात दोन बुकिंग घेतो. सकाळी तुमचं, संध्याकाळी सातला बायपासवर दुसऱ्याची बारात. तुमच्याकडे चार वाजले की ट्रायपॉड गुंडाळायला लागतात आणि तुमची झाल, पाठवणी, गृहप्रवेश सगळं राहून जातं. याचा उलटा प्रकार आणखी वाईट, आदल्या रात्रीच्या लग्नात पहाटे चारपर्यंत फेरे शूट करून तीच पोरं साडेआठला तुमच्याकडे येतात, डोळे लाल, कार्ड रिकामं केलेलं नाही, बॅटऱ्या चार्ज नाहीत. म्हणून विचारायचंच, आदल्या रात्री ही टीम कुठे आहे आणि आमच्या दिवशी संध्याकाळी कुठे आहे. उत्तर गोलगोल आलं तर पुढच्या दुकानात.

३. नावं कुठून काढायची आणि काम कसं बघायचं

इन्स्टाग्रामवर सगळेच छान दिसतात. मी आधी गुरुजींना विचारते. खरंच. लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर, रामबाग या भागात लग्न लावणाऱ्या गुरुजींनी प्रत्येक टीम जवळून बघितलेली असते, कोण होमात पाय घालतो, कोण मंत्र मध्येच थांबवायला लावतो, कोण चप्पल घालून बोहल्यावर चढतो. दुसरा माणूस म्हणजे कार्यालयातला साउंडवाला, त्याला पण सगळ्यांची कुंडली पाठ असते.

दोन-तीन नावं मिळाली की काम बघायला जा आणि टीझर अजिबात बघू नका, म्हणजे बघा पण त्यावर ठरवू नका. दोन दिवसांच्या शूटिंगमधले चांगले साठ सेकंद कोणीही काढू शकतो. "एखाद्या मराठी लग्नाची पूर्ण फिल्म दाखवा" म्हणा आणि ती पळवत पळवत या जागा बघा: अंतरपाट सरकताना दोघांचे चेहरे दिसतायत का, मंगलाष्टकांचे शब्द कळतायत का, होमाच्या धुरात चित्र पांढरं पडलंय का, आणि स्टेजच्या एलईडी लाइटमध्ये पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसतायत का. या पट्ट्या शटर चुकल्यामुळे येतात, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे त्यामुळे शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवलं की बहुतेक दिव्यांत त्या येत नाहीत. तुम्हाला हे शिकायची गरज नाही, पण सहज विचारून बघा, ज्याला काम येतं तो लगेच सांगतो.

मराठी लग्न केलेलंच नसेल तर? तरी घेता येतो, चांगला असेल तर. फक्त मग खालचा सहावा मुद्दा नीट करावा लागेल.

४. भेटीत विचारायचे प्रश्न

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा: शूटिंगला तुम्ही स्वतः येणार का? दुकानात बोलणारा गोड माणूस वेगळा आणि लग्नात येणारी दोन पोरं वेगळी, असं सर्रास होतं. सीझनमध्ये पोरं रोजंदारीवर बाहेरून बोलावलेली असतात. त्यात वाईट काही नाही, पण कोण येणार त्याचं नाव आधी कळू द्या आणि लग्नाच्या आठवडाभर आधी त्याच्याशी फोनवर बोला.

मग हे:
- कॅमेरे किती, आणि मुहूर्ताच्या वेळी सगळे एकदम चालू असतील का
- कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकदम रेकॉर्डिंग होतं का, म्हणजे एक कार्ड गेलं तरी दुसरं राहतं
- जास्तीचा कॅमेरा गाडीत असतो का
- आवाजासाठी काय आणणार, नुसता कॅमेऱ्यावरचा माइक की कॉलर माइक आणि वेगळा रेकॉर्डर
- एडिटिंग कोण करतो आणि त्याला मराठी कळतं का
- फोटोवाला वेगळा असेल तर आधी त्याच्यासोबत काम केलंय का

शेवटचा प्रश्न हलका वाटतो, पण फोटोवाला आणि व्हिडिओवाला दोघं एकमेकांच्या फ्रेममध्ये घुसून भांडायला लागले की नवरीच्या बाबांना मध्ये पडावं लागतं, मी बघितलंय. शक्यतो दोन्ही एकाच टीमकडे द्या, नाहीतर दोघांची आधी गाठ घालून द्या.

५. भाव आणि लिखापढी

एकाच लग्नासाठी, तेच दोन दिवस, आम्हाला ४५ हजारांपासून पावणेदोन लाखांपर्यंत आकडे आले होते. ४५ हजारवाल्यात काय नव्हतं ते बघायला गेलं तर सीमांतपूजनाची संध्याकाळ नव्हती, हार्ड डिस्क नव्हती, दुसरा कॅमेरा "देख लेंगे" मध्ये होता. ते सगळं जोडत गेलो तर आकडा मधल्या स्टुडिओच्या वर जात होता. म्हणून आधी आपली यादी द्या आणि त्याच यादीवर सगळ्यांकडून भाव मागवा, त्यांच्या पॅकेजवर नाही. बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी धरलेला आहे की वरून लागणार ते आत्ताच विचारा.

बयाना द्यायच्या आधी कागदावर, निदान व्हॉट्सअॅपवर तरी, हे लिहून घ्या:

तारखा आणि प्रत्येक दिवसाची वेळ कधीपासून कधीपर्यंत, नुसतं "दोन दिवस" नाही. जास्तीचा तास किती रुपये. किती माणसं, किती कॅमेरे, मुख्य माणसाचं नाव. काय काय मिळणार आणि प्रत्येकाची लांबी. किती महिन्यांत मिळणार. किती वेळा दुरुस्ती फुकट. रॉ डेटा, म्हणजे न कापलेलं सगळं शूटिंग, मिळणार का, त्याचे वेगळे पैसे आहेत का. तारीख बदलली तर बयान्याचं काय, आणि त्यांचा माणूस आजारी पडला तर काय.

पैसे तीन भागांत द्या. थोडे बुकिंगला, मोठा भाग लग्नाच्या दिवशी शूटिंग झाल्यावर, आणि निदान पाव हिस्सा हातात फिल्म आल्यावर. लग्नाच्या दिवशी सगळे पैसे चुकते केले की तुमची फिल्म रांगेत सगळ्यात मागे जाते, हे अगदी सज्जन माणसाकडेसुद्धा होतं. पैसे यूपीआयने द्या, रोख दिलेत तर पावती.

अजून एक, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन फोटो किंवा फिल्म करून घेतली, आणि उलटा काही करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. म्हणजे तुमचा. पण स्टुडिओच्या छापील फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात "सर्व हक्क स्टुडिओकडे, जाहिरातीसाठी वापरता येईल" असं असतं आणि त्यावर सही केली की झाला उलटा करार. नवरीच्या घरच्यांना तिचा व्हिडिओ स्टुडिओच्या पेजवर नको असेल तर ती ओळ पेनाने खोडा, दोघांनी बाजूला सही करा.

६. कार्यक्रमाचा कागद, यावर खरा वेळ घाला

हा कागद हिंदीत करा. शूटिंगला येणाऱ्या मुलाला हिंदीच वाचायला सोपं जातं, आणि एडिटरला पण तोच द्यायचाय. आधी गुरुजींकडे बसून क्रम लिहून घ्या, कारण देशस्थ, कोकणस्थ, मराठा, प्रत्येक घरात मागेपुढे असतं, आणि इंटरनेटवरून उतरवलेली यादी तुमच्या गुरुजींच्या क्रमाशी जुळेलच असं नाही. मग प्रत्येक विधीपुढे तीन गोष्टी: अंदाजे वेळ, हॉलमध्ये जागा कुठे, आणि कॅमेरा कुठे उभा पाहिजे.

मी जिथे जिथे गडबड होताना बघितली त्या जागा सांगते.

गौरीहर. नवरी एका बाजूच्या लहान खोलीत अन्नपूर्णेसमोर बसलेली असते, बाहेर गडबड चालू असते, आणि टीम बाहेर नवरदेवाची एंट्री घेत असते. इथे एक कॅमेरा वेगळा काढून ठेवा. आणि मोठा पांढरा लाइट त्या खोलीत पेटवू देऊ नका, समईचा उजेड आणि खिडकी असली तर बास होतं, नाहीतर पिवळी साडी पांढरी दिसते.

मुहूर्त. बोहल्यावर दोघं समोरासमोर, मध्ये अंतरपाट, मागे मामा, करवल्या, आणि दोन्हीकडे अर्धं खानदान. एकच कॅमेरा समोर असेल तर त्यात फक्त पाठी दिसतात. एक कॅमेरा नवरीच्या खांद्यामागून नवरदेवावर, दुसरा नवरदेवाच्या मागून नवरीवर, आणि तिसरा हॉलच्या मागे टेबलावर किंवा स्टुलावर उंच, लांबची लेन्स लावून. शेवटचं मंगलाष्टक म्हणजे "तदेव लग्नं" सुरू झालं की तिघांनीही हलायचं नाही. वाजंत्री एकदम सुरू होतात, टाळ्या, अक्षता, आणि तो कापडाचा तुकडा सरकायला सेकंदभर पण लागत नाही. टीमला मंगलाष्टक कळत नसतं, त्यामुळे घरातला एक मुलगा कॅमेऱ्यांपाशी उभा करा जो शेवटचं आलं की खांद्यावर हात ठेवून सांगेल "अब". आणि रेकॉर्डिंग पहिल्या मंगलाष्टकापासून चालूच ठेवायचं, मध्ये बंद नाही. तांदूळ लेन्सवर येतात, पुसायला फडकं खिशात.

कानपिळी. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, सगळे हसतात आणि पाच सेकंदात संपतं. हे जवळजवळ प्रत्येक वेळी सुटतं कारण टीम तेव्हा होमाचा धूर आणि लाह्यांचा क्लोजअप घेत असते. यादीत ठळक करा.

सप्तपदी. फेरे म्हटलं की त्यांना गोल फिरणं आणि चेहरे माहीत, इथे तांदळाच्या सात राशी आहेत आणि पाऊल बघायचंय, म्हणजे कॅमेरा खाली जमिनीजवळ.

सूनमुख. सासूबाई आरशात सुनेचं तोंड बघतात आणि आरशात व्हिडिओवाला दिसतो, हातात लाइट घेतलेला. तिरकं उभं राहायला सांगा, आणि एकदा आरसा धरून तालीम करून घ्या, हे परत करता येतं.

झाल. सासरच्या मंडळींच्या डोक्यावर दिवे लावलेली टोपली, म्हणजे झाल, धरतात तेव्हा हॉलचे निम्मे दिवे बंद करायला सांगा, जो काही सुंदर शॉट मिळतो तो इथे मिळतो. आणि याच वेळी नवरीची आई रडायला लागते, तेव्हा माइक तिच्या तोंडात घालू नका हे पण आधी सांगून ठेवा.

याशिवाय माणसांचा कागद. ज्यांचं व्हिडिओत येणं गरजेचं आहे अशा दहा-बारा जणांचे फोटो, खाली नातं हिंदीत: दूल्हे की दादी, दुल्हन के बडे मामा. एडिटर लग्नाला आलेला नसतो, त्याला काय माहीत की कोपऱ्यात व्हीलचेअरवर बसलेली म्हातारी ही नवरदेवाची पणजी आहे, तो तिला कापून बुफेवरच्या अनोळखी पाहुण्यांना ठेवतो.

७. आवाज

चित्र थोडं वाईट असलं तरी चालून जातं, आवाज गेला की कोणी तो व्हिडिओ दुसऱ्यांदा लावत नाही. आपल्या लग्नात आवाजच सगळा आहे, गुरुजींचे मंत्र, आत्याने स्वतः रचलेली मंगलाष्टकं, उखाणे. आत्या महिनाभर शार्दूलविक्रीडित वृत्तात अक्षरं बसवते, त्यात नवरीच्या आजोळचं गाव आणि दोघांची नावं गुंफते, आणि व्हिडिओत त्या जागी एडिटरने सिनेमातलं गाणं टाकलेलं असतं. हे नको असेल तर लिहून द्या: मंगलाष्टकं पूर्ण, मूळ आवाजात, वर कुठलंही संगीत नाही.

तांत्रिक बाजू सोपी आहे. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर व्हिडिओवाल्याच्या रेकॉर्डरला जाते, त्यात गुरुजींचा आणि मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांचा माइक थेट उतरतो. वायरचं टोक कुठलं लागेल यावर दोघं लग्नाच्या सकाळी वाद घालतात, म्हणून आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनालाच जोडून एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. आवाज फाटत असेल तर लेव्हल कमी. दुसरा कॉलर माइक नवरदेवाच्या उपरण्याखाली, नवरीचा शेल्याच्या आत, पण पैठणीच्या काठावर घासणार नाही असा. उखाण्यांच्या वेळी पंगतीत गोंगाट असतो, तिथे हातातला माइक द्या.

८. ड्रोन आणि लाइव

ड्रोन हा शब्द आला की घरातले काका लोक खूश होतात. पण आपला विमानतळ शहराच्या पश्चिमेला चिकटूनच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत ड्रोन उडवता येतो, त्याच्या आत परवानगी लागते. राजवाडा, सुदामानगर, राजेंद्रनगर हे सगळं ८ किलोमीटरच्या आतच येतं. शिवाय २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे पायलटचं प्रमाणपत्र पाहिजे. तेव्हा ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि ते प्रमाणपत्र व्हॉट्सअॅपवर मागवा, देत नसेल तर ड्रोन काढून पैसे कमी करा. बंद हॉलमधल्या लग्नाला ड्रोन लागतच नाही.

लाइव करायचं असेल, पुण्याच्या आणि अमेरिकेच्या मंडळींसाठी, तर चॅनेल आधी उघडा, यूट्यूबवर नव्या चॅनेलला लाइव सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. लिंक अनलिस्टेड ठेवा, म्हणजे ज्याला पाठवाल त्यालाच दिसेल. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा आणि आदल्या दिवशी हॉलमध्येच अपलोड स्पीड बघा, घरी बघून उपयोग नाही. आणि हो, लग्नात गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण ती समारंभात वाजवण्यापुरती, तेच गाणं यूट्यूबवर गेलं की गाण्याच्या मालकाचा क्लेम येऊ शकतो आणि आवाज बंद पडू शकतो. मुहूर्ताच्या वेळी डीजे शांत ठेवा.

९. हातात तयार ठेवायच्या गोष्टी

- सही झालेला करार किंवा कोटेशन, बयान्याची पावती
- स्टुडिओ मालकाचा आणि शूटिंगच्या मुख्य माणसाचा नंबर, दोन्ही
- विधींचा कागद चार प्रती, फोटोसकट माणसांची यादी
- गाण्यांची यादी, आणि नको असलेल्या गाण्यांची पण
- दोन लांब एक्स्टेंशन बोर्ड, कार्यालयातले पॉइंट नेहमी भलत्याच भिंतीवर असतात
- नवी हार्ड डिस्क, २ टीबीची

हार्ड डिस्क एवढी मोठी का तर फोर के मध्ये साधारण १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं तर तासाला ४५ जीबी होतात. तीन कॅमेरे, दोन दिवस, हिशोब करा.

१०. लग्नाच्या दिवशी

तुम्ही स्वतः व्हिडिओवाल्याच्या मागे फिरू नका, तुम्हाला साडी सांभाळायची असते. एक चुलत भाऊ किंवा बहीण या कामाला लावून द्या, ज्याला दोन्हीकडची माणसं ओळखता येतात आणि हिंदीत दोन शब्द ठणकावून सांगता येतात. टीमच्या जेवणाची पानं केटररच्या संख्येत धरा आणि त्यांना पहिल्या पंगतीच्या आधी किंवा मुहूर्तानंतर लगेच पाळीपाळीने जेवायला बसवा, विहिणींच्या पंगतीच्या वेळी सगळे एकदम जेवायला गेले तर उखाण्यांचं शूटिंग कोण करणार. मे महिन्यात उघड्या गार्डनमध्ये लग्न असेल तर कॅमेरे तापून बंद पडतात, त्यांना सावलीत ठेवायला एक टेबल आणि पंखा द्या.

रात्री टीम निघायच्या आधी कार्डांची कॉपी त्यांच्या लॅपटॉपवर झाली का विचारा आणि शक्य असेल तर तुमच्या डिस्कवर पण तिथेच घ्या. थोडा उशीर होईल, सगळे थकलेले असतील, तरी घ्या.

११. फिल्म येईपर्यंत आणि आल्यावर

आमच्या एका नातेवाइकांच्या लग्नात आलेल्या पहिल्या कॉपीत सप्तपदी आधी आणि मंगलाष्टकं नंतर होती, सीमांतपूजनाच्या जागी मेंदी, आणि वरातीवर पंजाबी गाणं. स्टुडिओचं म्हणणं, "फ्लो अच्छा लग रहा है". क्रमाचा कागद करारासोबत होता म्हणून फुकटात बदलून मिळालं. पहिली कॉपी आली की घरातल्या दोन माणसांनीच बघायची, मिनिट-सेकंद लिहून सगळ्या दुरुस्त्या एकदम एकाच मेसेजमध्ये पाठवायच्या. रोज एक एक पाठवत बसलात, आज काका सांगतायत उद्या मामी, तर एडिटर वैतागतो आणि फुकटच्या दुरुस्त्या संपून जातात.

ठरलेली तारीख उलटून गेली, फोन उचलत नाहीत, असं झालं तर आधी लेखी आठवण, तारखेसकट. तरीही नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही आणि तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. बहुतेक वेळा १९१५ चं नाव काढल्यावरच फिल्म तयार होते.

शेवटचे पैसे द्यायच्या आधी डिस्क घरच्या कॉम्प्युटरवर लावून प्रत्येक फाइल उघडून बघा, सुरुवात, मध्य, शेवट. दुसरी कॉपी लगेच करून माहेरी किंवा सासरी, म्हणजे वेगळ्या घरात ठेवा. आणि स्टुडिओला तेव्हाच सांगा की आजी-आजोबांच्या टीव्हीसाठी एक वेगळी फाइल फुल एचडी, एच २६४, एमपी फोर अशी काढून द्या. फोर केची एच २६५ फाइल जुन्या टीव्हीवर चालतच नाही, आणि जुना टीव्ही पेनड्राइव्ह पण बरेचदा फॅट ३२ या जुन्या फॉरमॅटमधलाच वाचतो ज्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, म्हणून तीन तासांचा व्हिडिओ दोन-तीन तुकड्यांत करून मागा, पहिला तुकडा सीमांतपूजनाचा, दुसरा मुहूर्तापासून पंगतीपर्यंत, तिसरा झाल ते गृहप्रवेश.